कामतघरची पितळी चाकी

नाशिकहून निघालेली एसटी कसारा घाट उतरून शहापूरला थांबली, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "भिवंडीला काय, कापड घ्यायला?"

"नाही, इतिहास गोळा करायला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पडघा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

मी थट्टा करत नव्हतो. लष्कराच्या एका हेलिकॉप्टर तुकडीत मी वीस वर्षं मेकॅनिक होतो आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, तेव्हा कमान अधिकाऱ्यांचं पत्र आलं. तुकडीचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा होता आणि जुन्या लोकांची मदत हवी होती. मी जवळच राहणारा आणि रिकामा. गेलो तर साहेबांनी जुन्या रोजनिशांचे गठ्ठेच माझ्यापुढे ठेवले.

वाचायला मजा येत होती. आमची तुकडी मुळात तोफखान्याची. सुरुवातीला दोन माणसांची चिमुकली विमानं असत. तोफखान्याचाच अधिकारी ती उडवायचा आणि आपला गोळा कुठे पडला ते वरून पाहून खाली कळवायचा. मग हेलिकॉप्टरं आली. बर्फातल्या चौक्यांवरून आजारी जवान खाली आणणं, वर रॉकेल आणि टपाल पोचवणं सुरू झालं. ऐंशीच्या दशकात हवाई शाखा तोफखान्यापासून वेगळी झाली आणि वैमानिकांच्या टोप्यांवरची चिन्हं बदलली. हे सगळं तारीखवार लिहिलेलं. आणि मध्येच एक नोंद: 'पूरमदत. भिवंडीत कामतघर तलावाजवळ उतरावे लागले. विंच नादुरुस्त. स्थानिक मदतीने काम पूर्ण.'

त्या नोंदीपाशी माझं बोट थांबलं, कारण तिच्यापुढची हकिकत मीच लिहिली होती.

विंच म्हणजे हेलिकॉप्टरच्या दारावरचा रहाट. त्याच्या पोलादी दोराने खालच्या माणसाला वर खेचतात. दोर जिथून बाहेर पडतो तिथे त्याला वळण देणारी, अंगठ्याएवढी चाकी असते. दहाएक वर्षांपूर्वी ते हेलिकॉप्टर पुरावरून तळावर परतलं, तेव्हा तपासणी माझ्याकडे होती. पाहतो तर पोलादी चाकीच्या जागी पितळी चाकी. हेलिकॉप्टरबरोबर गेलेला मेकॅनिक माझा मित्र होता, नायक भास्कर. त्याला विचारलं तर म्हणाला, "बनवून घेतली. कुणाकडून ते विचारू नकोस."

मी रिपोर्ट लिहिला. माणसाचा जीव ज्या दोरावर टांगायचा, त्याच्या वाटेत बाजारात बनवलेला भाग चालत नाही. चौकशी झाली. भास्करने कारागिराचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याची बढती गेली. मुदत संपल्यावर तो इगतपुरीला आपल्या घरी गेला. आमचं बोलणं त्याआधीच संपलं होतं.

चाकी भंगारात जायची होती. मला ती टाकवली नाही, म्हणून कुणाला न सांगता ठेवून घेतली. माप केसभरही चुकलेलं नव्हतं. पण एक कोडं होतं. तिच्यावरच्या कापाच्या रेषा कुठे दाट होत्या, कुठे विरळ. धातू फिरवून कापणारा लेथ एका वेगाने चालतो, तर रेषा सारख्या यायला हव्यात. इतका तयार हात, आणि अशा रेषा का? दहा वर्षं ती चाकी माझ्या कपाटात होती आणि अधूनमधून काढून मी ती भिंगाखाली धरत असे. आता रोजनिशीत 'कामतघर' हा शब्द मिळाला होता. थंडीचे दिवस होते. चाकी रुमालात बांधली आणि निघालो.

भिवंडी आधी कानाला भेटते. स्टँडवर उतरल्यापासून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खटखट, खटखट असा एकच आवाज. वाटलं पुढच्या गल्लीत संपेल, तर तिथे तो दुप्पट. रिक्षावाल्याला म्हटलं, "कामतघर. लेथचं दुकान."

"कौनसा लेथ? वहाँ तो हर नुक्कड पे हय," तो म्हणाला आणि मला एका चाळीच्या तोंडाशी सोडून गेला.

जाताना त्याचं मागचं चाक गटारात आदळलं. कुठल्या तरी रंगाच्या कारखान्यातून आलेलं जांभळं पाणी माझ्या पांढऱ्या शर्टावर. अशा अवतारात मी एकेका दुकानात शिरून रुमाल सोडू लागलो. पहिल्याने चाकी पाहून "किती नग पाहिजेत?" असं विचारलं. दुसरा म्हणाला, पितळ महाग पडेल. तिसऱ्याला वाटलं मी सरकारी तपासनीस आहे. त्याने चहा मागवला आणि दुकानाचे कागद पुढे केले.

शेवटी एका टपरीवर बसलो. शेजारी शिफ्ट संपवून आलेला एक जॉबर (लूम दुरुस्त करणारा कारागीर) कपाळावरचा कापूस पुसत होता. त्याने चाकी हातात घेतली. "ये किस चीज का हय?"

"हेलिकॉप्टरची."

त्याने चाकी पुन्हा उजेडात धरली. "या अल्ला! म्हणजे लतीफचाचा खरं बोलत होता? अहो, सगळा मोहल्ला हसतो त्याला. हेलिकॉप्टरवाला म्हणतात!"

लतीफचाचांचं दुकान तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत होतं. आत एक जुना लेथ आणि भिंतीला लूमचे तुटके भाग. पासष्टीचे, सडसडीत, पांढरी दाढी. मी काही बोलायच्या आत जॉबरने चाकी त्यांच्या तळहातावर ठेवली. चाचांनी चष्मा चढवला. नखाने एक रेघ चाचपली, मग दुसरी.

"माझीच," ते म्हणाले.

आणि मला बसा न म्हणता तडक दुकानाबाहेर गेले. "अरे, या सगळे! बघा! मिलिटरीतून माणूस आलाय. विचारा त्याला, विचारा!"

चहावाला आला, समोरचा शिंपी आला, लूमवरून चार जण आले. मला त्या जांभळ्या शर्टात उभं राहून सांगावं लागलं की मी लष्करातला निवृत्त हवालदार आहे आणि ही चाकी लष्कराच्या हेलिकॉप्टरात बसवलेली होती. शिंप्याने मला दोनदा विचारून खात्री केली. मग तो चाचांकडे वळून म्हणाला, "चाचा, माफ करा." चाचा आत आले. लेथच्या पट्ट्यावर हात फिरवत उभे राहिले.

मग त्यांनी जे सांगितलं, ते असं.

"त्या साली पावसाच्या आधी शहरात दंगलीत काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. लोकांची जखम ओली होती. त्यात हा पूर. लाइट गेलेली, लूम बंद. असा सन्नाटा मी भिवंडीत कधी ऐकला नव्हता. आणि वरून हेलिकॉप्टर! तलावाजवळ उतरलं. थोड्या वेळाने तुमचा भास्कर धावत गल्लीत आला, हातात तुटलेली चाकी. म्हणतो, लेथ कुठाय? गणेशपुरीच्या अलीकडे नदीत टेकाडावर माणसं अडकलीत, एकाला साप चावलाय. उतरायला जागा न्हाय, दोरानेच काढावा लागेल. मी म्हटलं, बेटा, लेथ हाय, पण लाइट कुठाय?"

"मग?"

"मग काय. लूमवाले पोरगे रिकामेच बसले होते. मोटरचा पट्टा काढला, दुसरा लांब पट्टा घातला आणि चौघांना ओढायला लावलं. ओढा म्हटलं, बैलासारखे. ते थकले की दुसरे चौघे. एका जुन्या लूमचं पितळी बुश होतं, आसावरची जाड नळी, तेच कापायला घेतलं. पोरं दमायची, लेथ हळू व्हायचा. नवीन हात लागला की जोरात. मी हत्यार सांभाळत होतो, जीव मुठीत धरून."

दहा वर्षांचं माझं कोडं तिथे सुटलं. रेषा जिथे विरळ होत्या, तिथे पोरं दमली होती.

"हेलिकॉप्टर उडवणारे कप्तानसाहेब कुठे होते?" मी विचारलं.

"तो उंच साहेब? बाहेर, रस्त्यावर. पाठ करून उभा. एकदाही आत बघितलं न्हाय त्याने."

मी समजलो. ज्याने पाहिलं नाही, त्याला परवानगी द्यावी लागत नाही आणि नाकारावीही लागत नाही. चौकशीत भास्कर म्हणाला होता की वैमानिकाला काही माहीत नव्हतं. तो वैमानिक पुढे नोकरी सोडून परदेशी गेला.

"आणि चाकी बसवून लगेच उडाले?"

"लगेच कसे? आधी टेस्ट केली ना!" चाचा माझ्याकडे आश्चर्याने बघू लागले. "हेलिकॉप्टर थोडं वर घेतलं. भास्कर स्वतः दोराला लटकला. वर, खाली. वर, खाली. तीन वेळा. मग दोन गोण्या बांधून घेतल्या कमरेला, दोन माणसांचं वजन व्हावं म्हणून, आणि पुन्हा. बघायला माझं घर आणि ती लूमची पोरंच होती, पोरं पुढे आपापल्या मुलखाला गेली. माझी बायको तर रडायला लागली."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. माझ्या रिपोर्टात एक वाक्य होतं: 'सदर भाग कोणतीही चाचणी न करता वापरण्यात आला.' ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पुराच्या धांदलीत कसली चाचणी, असं मानून मीच लिहिलं होतं. बाहेरचा भाग लावणं हा गुन्हा होताच, पण भास्करची बढती गेली ती त्या वाक्यामुळे. चौकशी अधिकाऱ्याने तेच वाक्य मोठ्याने वाचलं होतं आणि मी खाली मान घालून ऐकलं होतं. भास्करने तेव्हाही चाचणीचं नाव काढलं नाही, कारण मग वैमानिकही अडकला असता.

"त्याने तुमचं नाव का नाही सांगितलं, चाचा? तुम्ही साक्ष दिली असती तर तो सुटला असता."

"निघताना मी तेच म्हटलं त्याला, नाव सांग माझं! चांगलं काम केलंय, चोरी न्हाय केली. तर म्हणतो, नको. चौकशीला जीप येईल. या दिवसांत या गल्लीत मिलिटरीची जीप तुमच्या दारात उभी राहिली, तर लोक काय काय समजतील. मला राग आला होता त्याचा. दहा वर्षं लोकांनी खोटारडा म्हटलं मला."

आतल्या दारातून त्यांच्या पत्नी मरियमबी म्हणाल्या, "बरं केलं त्या पोराने. जीप आली असती तर मी त्या दिवशीच मेले असते. तुम्हाला नाव पाहिजे होतं, मला माणूस पाहिजे होता घरात."

मरियमबींनी माझा शर्ट भिजत घातला, चाचांचा एक सदरा घालायला दिला आणि जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचा लालभडक रस्सा आणि शेवटी सांदण (तांदळाच्या रव्याची नारळाच्या रसात वाफवलेली गोड वडी).

जेवण झाल्यावर मी विचारलं, "साप चावलेल्याचं पुढे काय झालं?"

"अल्ला जाणे. मला कोण सांगणार?" चाचा म्हणाले. मग एकदम उठून त्यांनी टोपी घातली. "चला, बघून येऊ. गणेशपुरीची एसटी आहे."

असे आम्ही दोघे म्हातारे एसटीत बसलो. शहराची खटखट मागे पडली तशी माझ्या कानात पोकळी झाल्यासारखं वाटलं. भात कापून झालेली शेतं, पेंढ्यांच्या उडव्या, बांधाला वाल. गणेशपुरीला उतरून एका पूजेच्या दुकानात चौकशी केली. दुकानदाराला 'पुरात इमानातून नेलेला' म्हटल्याबरोबर कळलं. "जोमा! नदीवर जा, डाव्या अंगाला आंब्याखाली घर हाय."

जोमा अंगणात पेंढा रचत होता. पन्नाशीचा, काळा, दणकट. म्हणजे जिवंत होता. चाचांनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की मला ओरडायचं बाकी राहिलं.

येण्याचं कारण सांगितलं, तसा जोमा खाटेवर बसून कपाळाला हात लावू लागला. "दादा, मना काय बी ठावं न्हाय! सगल्या गावान मी येकटाच इमानान बसलो, न मना शुद्धच न्हवती. लोक इचारतात, वरून आपला गाव कसा दिसतो? काय सांगू? हिला इचारा."

त्याची बायको बायजाबाई सुपातले वाल निवडत होती. ती हसली नाही. "मी बघलाय ना. खालून. ह्याचा अंग थंड पडला होता. वरून दोरावर येक शिपाई आला, त्यान ह्याला आपल्याला बांधला. दोर वर जाया लागला तवा मी म्हटला, आता तुटल. डोले मिटून घेतले. उघरले तवा दारातला माणूस ह्याला आत ओढीत होता."

"दारातला माणूस कसा होता?" मी विचारलं.

"बारका. मिशी होती. दोराला हात लावून बसला होता येकसारखा, जशी आपून नाडी बघतो."

तो भास्कर होता.

चाचांनी खिशातून चाकी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. दोर यावरून सरकला, ही मी केली, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. भिवंडीच्या गल्लीत गाव गोळा करणारा माणूस इथे कुजबुजत होता. बायजाबाईंनी चाकी उचलली, उलटसुलट पाहिली आणि चाचांच्या हातात परत दिली. मग आत जाऊन पितळेच्या तांब्यातून पाणी आणलं आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या. "अरे, न्हाय, न्हाय, बेटी," म्हणत चाचा मागे सरकले ते थेट पेंढ्यात बसले. जोमाने त्यांना हात देऊन उठवलं. निघताना वालाची एक पुरचुंडी चाचांना मिळाली, एक मला.

"ही तुमच्याकडेच ठेवा," परतीच्या एसटीत मी चाकीबद्दल म्हटलं. चाचांनी ती आधीच खिशात टाकली होती.

मुक्काम त्यांच्याकडेच केला. सकाळी मरियमबींनी धुतलेला शर्ट दिला. जांभळा डाग फिकट झाला होता, गेला नव्हता. नाशिकची एसटी पकडली. तिकीट नाशिकचं होतं, पण घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली तेव्हा मी पिशवी घेऊन खाली उतरलो. ठरवलं नव्हतं. पाय उतरले.

भास्करचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो ओट्यावर बसून सायकलची साखळी साफ करत होता. मिशी पांढरी झाली होती. त्याने मला पाहिलं, 'ये' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही.

मी उभ्यानेच म्हणालो, "कामतघरला जाऊन आलो. लतीफचाचा भेटले. तू दोराला लटकला होतास, तीन वेळा, मग गोण्या बांधून. मला माहीत नव्हतं. न विचारता मी ते वाक्य लिहिलं."

तो साखळी पुसत राहिला. मग म्हणाला, "रिपोर्ट लिहायलाच हवा होता. तुझ्या जागी मी असतो तर मीही लिहिला असता. पण ते वाक्य..." तो थांबला. "वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, हा आता उठेल आणि म्हणेल, साहेब, हे मी पाहिलेलं नाही. वाट बघत होतो मी."

त्याने चिंधी खाली टाकली.

"तो माणूस जगला का रे?"

मला क्षणभर कळेना. "तुला माहीत नाही?"

"कसं कळणार? इस्पितळाच्या मैदानात उतरवला, स्ट्रेचरवर घातला आणि आम्ही पुढच्या फेरीला गेलो. नाडी लागत नव्हती त्याची. नंतर चौकशी, नंतर बदली. बायको म्हणायची, जाऊन या. पण मेला असेल तर? मग बढती कशापायी घालवली, असं वाटलं असतं."

"जोमा नाव आहे त्याचं. काल पेंढा रचत होता. दणकट आहे. विमानात बसलो आणि काहीच आठवत नाही म्हणून कुरकुरतो."

भास्कर हसायला लागला. हसता हसता त्याने तेलकट हाताच्या मनगटाने डोळे पुसले आणि घरात तोंड करून ओरडला, "अगं, तो जिवंत आहे! चहा टाक, हा आलाय!"

चहा झाला, जेवण झालं. जुन्या गोष्टी फारशा निघाल्या नाहीत. दहा वर्षांचं अंतर एका दुपारी मिटत नाही, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. पण स्टँडपर्यंत तो सोबत आला आणि गाडी हलल्यावर त्याने हात वर केला.

नाशिकरोडला पोचल्यावर त्या एका नोंदीच्या जागी मी चार पानं लिहिली. कमान अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली. जागेअभावी त्याचं पाऊण पान होईल म्हणाले. भास्करच्या कागदपत्रांत आता काही बदलणं आपल्या हातात नाही, असंही म्हणाले. ते मला ठाऊक होतं. लतीफचाचांचं नाव छापायला त्यांची हरकत नव्हती. मरियमबींना विचारून मी आधीच होकार आणला होता.

या प्रवासाला दोन दिवस लागले. नाशिक ते भिवंडी चार-पाच तासांची वाट, आणि ती चालायला मी दहा वर्षं घेतली. बाहेरचा भाग विंचला लावू नये हा नियम बरोबर आहे असं मी आजही म्हणेन. पण नियमाच्या आधाराने मी जे न पाहिलेलं लिहिलं, ते नियमाचं नव्हतं, माझं होतं. तुकडीच्या इतिहासात बर्फातल्या चौक्या आहेत, पदकं आहेत, आता कामतघरची ती गल्लीही आहे.

साहेबांनी शेवटच्या परिच्छेदावर पेन्सिल टेकवली. तिथे लिहिलं होतं की 'चाचणी न करता' हे वाक्य खोटं होतं आणि ते अमुक हवालदाराने लिहिलं.

"इथे तुमचं नाव कशाला? 'तपासणी करणाऱ्याने' एवढंच ठेवू या का?"

"राहू द्या, साहेब," मी म्हटलं. "या वेळी मी विचारून आलोय."